टाकीतलं तेल आणि खालचं शेत : छोट्या विमानासाठी इंधनाचं नियोजन आणि सक्तीचं लँडिंग

क्रॉस-कंट्रीला (दूरच्या विमानतळापर्यंतच्या सरावाच्या उड्डाणाला) निघणाऱ्या कॅडेटला, म्हणजे शिकाऊ वैमानिकाला, 'फ्युएल किती आहे?' असं विचारलं की उत्तर लिटरमध्ये येतं. 'म्हणजे किती वाजेपर्यंत?' असं विचारलं की तो गप्प होतो. इंधनाच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. शेतात उतरण्याच्या चुकांचं मूळही बऱ्याचदा तेच असतं, कारण निर्णय घ्यायला उशीर झालेला असतो. म्हणून दोन्ही विषय इथे एकत्र घेतले आहेत.

उदाहरण सेसना १५२ चं आहे, साध्या टाक्यांचं. मार्ग बारामती ते सोलापूर, तिथे एक सर्किट (धावपट्टीभोवतीची ठरलेली फेरी) आणि परत बारामती. आकडे समजण्यासाठी दिले आहेत. तुमच्या विमानाचं हँडबुक आणि तुमच्या स्कूलचं ऑपरेशन्स मॅन्युअल यात वेगळं काही असेल, तर तेच पाळायचं.

टप्पा १ : हिशेब जमिनीवर, तोही उलटा

बहुतेक जण 'जाण्यायेण्याला किती लागेल' इथून सुरुवात करतात आणि उरलेलं तेल राखीव समजतात. क्रम उलटा ठेवा. ज्याला हात लावायचा नाही ते तेल आधी बाजूला काढा आणि प्रवासाचं शेवटी मांडा.

१. अंतिम राखीव. इकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) परिशिष्ट ६ प्रमाणे दिवसाच्या व्हीएफआर (बाहेर डोळ्यांनी बघत केलेल्या) उड्डाणाला किमान ३० मिनिटांचं आणि रात्री ४५ मिनिटांचं इंधन उतरताना शिल्लक असायला हवं. शिकाऊ वैमानिकाने दिवसाही ४५ मिनिटं धरावीत असं माझं मत आहे. विमान ताशी २४ लिटर जाळतं असं धरलं तर हे १८ लिटर होतात.

२. पर्यायी विमानतळ. बारामतीच्या धावपट्टीवर एखादं विमान टायर फुटून बसलं तर कुठे जाणार? पुणे धरू, सुमारे ४५ नॉटिकल मैल. समोरून २० नॉटचा (ताशी २० नॉटिकल मैलांचा) वारा असेल तर ३४ मिनिटं, म्हणजे १४ लिटर.

३. प्रवास. एका बाजूचं अंतर सुमारे ८५ नॉटिकल मैल. विमानाचा खरा वेग १०० नॉट. उन्हाळ्यातला पश्चिम-वायव्येचा २० नॉटचा वारा घेतला तर जाताना ४३ मिनिटं आणि येताना ६४, मिळून १०७ मिनिटं. त्याचे ४३ लिटर. वर चढताना जास्त जळतं त्याचे २. एकूण ४५.

४. सोलापूरचं सर्किट ५ मिनिटं आणि बारामतीला परतल्यावर रांगेत १० मिनिटं : ६ लिटर.

५. जादा तरतूद, प्रवास आणि सर्किट-रांग या वरच्या दोन्हींवर १० टक्के : ५ लिटर.

६. स्टार्ट, टॅक्सी, रन-अप (टेकऑफआधीची इंजिनाची तपासणी) : ३ लिटर.

बेरीज ९१ लिटर. साध्या टाक्यांच्या १५२ मध्ये वापरता येणारं इंधन साडेचोवीस अमेरिकन गॅलन, म्हणजे सुमारे ९२ लिटर. म्हणजे टाक्या काठोकाठ भरल्या तरी हातात एक लिटर उरतो. 'दोन तासांचीच तर सॉर्टी आहे' असं म्हणत अर्ध्या-पाऊण टाकीवर निघणाऱ्याने ही बेरीज एकदा स्वतःच्या हाताने करून बघावी.

वाऱ्याबद्दल एक गैरसमज इतका पक्का आहे की थोडं थांबायला हवं. 'जाताना मागून, येताना समोरून, म्हणजे फिटंफाट' असं धरलं जातं. तसं होत नाही. वारा नसता तर हीच फेरी १०२ मिनिटांत झाली असती, वाऱ्याने १०७ झाली. पाच मिनिटं फार वाटत नाहीत. पण तोटा सगळा परतीच्या वाटेवर असतो, जेव्हा टाकी रिकामी होत आलेली असते. शिवाय अंदाजापेक्षा वारा दहा नॉटने वाढला तर परतीला ६४ ऐवजी ७३ मिनिटं लागतात.

तपासा : वजन. विमानाचं रिकामं वजन समजा ५२० किलो आणि कमाल ७५७. एव्हिएशन गॅसोलिन लिटरला ०.७२ किलो, म्हणजे भरलेल्या टाक्या ६७ किलो. माणसं आणि बॅगा यांना १७० किलो उरले. दोघंही दणकट असतील तर तेल कमी करून वजन जमवण्याचा मोह होतो. अशा वेळी मार्ग छोटा करा, राखीवाला हात लावू नका.

इशारा : हँडबुकमध्ये गॅलन, बाउझरच्या (इंधनाच्या टँकरच्या) मीटरवर लिटर, लोडशीटवर किलो. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा, ब्रिटिश ४.५४६ चा. हिशेब पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एकाच मापात लिहा आणि माप प्रत्येक आकड्यापुढे लिहा.

टप्पा २ : टाकीत खरोखर काय आहे

गेजवर विसंबू नका. छोट्या विमानाचे गेज विमान कललं की डोलतात आणि बसून असतानाही खोटं बोलतात. शिडी घ्या, झाकण उघडा, डिपस्टिक सरळ घाला. डिपस्टिक त्याच प्रकारच्या विमानाची आणि त्याच टाकीची हवी. एप्रन (विमानं उभी करण्याची जागा) उतरता असेल तर दोन पंखांत फरक दिसतो, अशा वेळी विमान सपाट जागी ढकलून पुन्हा मोजा.

नंतर ड्रेन, म्हणजे टाकीच्या तळाच्या तोटीतून थोडं तेल काढून बघणं. हे काम घाईत होतं, म्हणून क्रमाने :

१. तेल भरल्यावर थोडा वेळ थांबा. पाणी खाली बसायला वेळ लागतो. भरल्या भरल्या काढलेला नमुना स्वच्छच दिसतो.

२. प्रत्येक ड्रेनमधून नमुना घ्या आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवर धरा. १००एलएल (या विमानांचं पेट्रोल) निळसर दिसतं. पाणी असेल तर तळाशी वेगळा थेंब किंवा थर दिसतो.

३. पूर्ण कप एकसारखा आणि बिनरंगी असेल तर 'काय स्वच्छ आहे' म्हणू नका. कप पूर्ण पाण्याचा असू शकतो, किंवा जेट इंधनाचा. वास घ्या, बोटांवर घासा. गॅसोलिन पटकन उडून जातं, जेट इंधन तेलकट राहतं. एकाच एप्रनवर पेट्रोलवर चालणारी सेसना आणि जेट इंधनावर चालणारी डिझेल इंजिनाची डायमंड शेजारी उभी असते तिथे ही चूक अगदी शक्य आहे. तेल भरताना स्वतः उभे राहा.

४. झाकण लावल्यावर हाताने ओढून बघा. सैल झाकणातून हवेत तेल वर ओढलं जातं आणि कॉकपिटमधून ते दिसत नाही.

५. व्हेंटचं भोक बघा. उघड्यावर उभ्या विमानात कुंभारीण माशी व्हेंटमध्ये आणि वेग मोजणाऱ्या पिटो ट्यूबमध्ये मातीचं घर करते. दोन दिवस पुरतात तिला. व्हेंट बंद झाला की टाकीत हवा येत नाही आणि तेल असूनही इंजिनापर्यंत पोचत नाही.

इशारा : पावसात रात्रभर बाहेर उभं राहिलेलं विमान असेल तर एकदा ड्रेन करून भागत नाही. पंख हलवा, थोडं थांबा, पुन्हा काढा. दुसऱ्यांदाही पाणी आलं तर इंजिनिअरला बोलवा, उड्डाण नंतर बघू.

टप्पा ३ : लिटरचं घड्याळ करा

टाक्यांत ९२ लिटर आहेत. टॅक्सीचे ३ वजा केले, राहिले ८९. त्यातून राखीव १८ काढले, राहिले ७१. ताशी २४ ने ७१ लिटर म्हणजे २ तास ५७ मिनिटं. ९:१० ला टेकऑफ केलात तर १२:०७ ला चाकं जमिनीला लागलेली असायला हवीत. खाली पूर्णांकात आणा आणि नी-बोर्डवर (मांडीवर बांधायच्या पाटीवर) वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात लिहा : '१२:०० जमिनीवर.' ही वेळ हवेत पुढे ढकलायची नाही. कोणत्याही कारणाने.

एक सूचना क्षुल्लक वाटेल. रेडिओवर वेळ यूटीसीत चालते आणि मनगटावर भारतीय वेळ असते, फरक साडेपाच तासांचा. लॉगमध्ये एकच वेळ वापरा. अर्ध्या तासाची चूक इथे सहज होते आणि तुमचं राखीव जेमतेम पाऊण तासाचं आहे.

दुसरी वेळ काढायची ती सोलापूरच्या डोक्यावरची. हिशेबाप्रमाणे तिथलं सर्किट संपवून परत वळताना ६८ लिटर शिल्लक हवेत. परत यायला, रांगेत थांबायला, पुण्याला जायला, राखीवासाठी आणि थोड्या जादा तरतुदीसाठी मिळून ६५ लागतात. फरक ३ लिटरचा, म्हणजे सात मिनिटांचा. ठरलेल्या वेळेपेक्षा सात मिनिटांहून जास्त उशिरा वळण्याची पाळी आली, तर वळायचं नाही. सोलापूरला उतरायचं. तेल मिळेल की नाही, परवानगी कोणाकडून, नोटॅम (वैमानिकांसाठी काढलेली ताजी सूचना) काय म्हणतो हे निघण्याआधी फोनवर विचारून ठेवलेलं असावं. नाहीतर 'तिथे तेलच नसलं तर?' ही भीती तुम्हाला घराकडे ढकलते.

टप्पा ४ : हवेत हिशेब चालू ठेवा

दर अर्ध्या तासाने, आणि प्रत्येक चेकपॉइंटवर : वेळ, गेलेले लिटर, उरलेले लिटर, ग्राउंड स्पीड. चार आकडे. जीपीएस असला तरी लिहा.

मिक्श्चर, म्हणजे हवा आणि इंधनाचं मिश्रण. हँडबुकमधले खपाचे आकडे नीट लीन केलेल्या (इंधनाचं प्रमाण कमी केलेल्या) मिक्श्चरचे असतात. 'पाच हजार फुटांखाली लीन करायचं नाही' असं कुणीतरी कुणाला सांगितलेलं असतं आणि ते पिढ्यानपिढ्या चालतं. सेसनाच्या या विमानांत क्रूझला ७५ टक्के किंवा कमी पॉवर असेल तर लीन करता येतं, उंची काहीही असो. पूर्ण रिचवर (इंधनाचं प्रमाण जास्त ठेवून) उडत राहिलात तर टप्पा १ मधली सगळी बेरीज खोटी ठरते. उलट खाली उतरताना रिच करायला विसरलात तर सर्किटमध्ये इंजिन धडपडतं. दोन्ही गोष्टी चेकलिस्टमध्ये आहेत, वाचल्या पाहिजेत एवढंच.

टाकी. १५२ मध्ये फक्त चालू-बंद असा वॉल्व्ह असतो. १७२ मध्ये डावी, उजवी, दोन्ही. डायमंड किंवा पायपरच्या पेट्रोल विमानांत मात्र टाकी हाताने बदलावी लागते, आणि एक टाकी भरलेली असताना दुसरी आटून इंजिन बंद पडल्याचे अपघात जगभर होत आले आहेत. टाकी बदलण्याची वेळ लॉगमध्येच लिहून ठेवा.

कमी पडतंय असं दिसलं तर शब्द नेमके वापरा. एका विमानतळावर उतरायचं नक्की झालंय आणि आता थोडाही उशीर झाला तर राखीवाला हात लागेल, अशी स्थिती असेल तर 'मिनिमम फ्युएल'. ही आणीबाणी नाही, पूर्वसूचना आहे. उतरताना राखीवापेक्षा कमी उरणार हे दिसत असेल तर 'मेडे मेडे मेडे फ्युएल'. 'थोडं फ्युएल कमी आहे, लवकर मिळेल का?' या वाक्याने कंट्रोलरला काहीच कळत नाही.

टप्पा ५ : इंजिन चालू आहे तोवर उतरा

कोपऱ्यातली वेळ जवळ आली, विमानतळ पोचण्यात नाही, आणि इंजिन व्यवस्थित चालतंय. हा क्षण बहुतेक जण वाया घालवतात. 'अजून दहा मिनिटं ओढू' म्हणतात. पॉवर हातात असताना शेत निवडता येतं, त्यावरून खाली एक फेरी मारून तारा आणि बांध बघता येतात, नाही आवडलं तर वर जाता येतं. इंजिन बंद पडल्यावर यातलं काहीच उरत नाही.

१. दोन-तीन शेतं मनात धरा. वारा बघा.
२. सुमारे ५०० फुटांवरून शेताच्या कडेने, शेत तुमच्या बाजूच्या खिडकीत ठेवून एक फेरी घ्या. लांबी सेकंदांत मोजा : ६० नॉट ग्राउंड स्पीडला एक सेकंद म्हणजे सुमारे ३० मीटर.
३. रेडिओवर जागा सांगा. खाली गेल्यावर आवाज पोचेलच असं नाही.
४. पूर्ण फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेचे खाली उतरणारे भाग), शॉर्ट फील्डसारखा (आखूड धावपट्टीवर करतात तसा) अप्रोच. मागून वारा घेऊन कधीही नाही.

टप्पा ६ : इंजिन बंद पडलं

आधी एक गोष्ट, जी कागदावर सोपी वाटते. अल्टिमीटरवर ४,५०० दिसतात म्हणून खाली ४,५०० फूट हवा आहे असं नाही. त्यावर क्यूएनएच (समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारा दाब) लावलेलं आहे, आणि बारामती-सोलापूर पट्ट्यातली जमीनच समुद्रसपाटीपासून साधारण १,५०० ते २,००० फुटांवर आहे. तुमच्याकडे २,५०० आहेत. वारा नसेल तर हजार फुटाला दीड नॉटिकल मैल या हिशेबाने पावणेचार मैल आणि जेमतेम पावणेचार मिनिटं. त्यातून वळणं आणि गोंधळ वजा केलात की दोन मैलांच्या आतलंच शेत तुमचं. परतताना समोरचा वारा टाळायला ६,५०० ऐवजी ४,५०० निवडण्याची पद्धत आहे. तेल वाचतं हे खरं, पण त्या बदल्यात दोन हजार फूट गेले.

१. वेग. नाक खाली, १५२ ला ६० नॉट, ट्रिम करा. १७२ एसला ६८. सरळ उडताना इंजिन बंद पडलं तर वेग चुटकीसरशी उतरतो, म्हणून हात आधी इथे.
२. शेत. वारा कुठून, शेत कोणतं, हे ठरवा आणि विमान तिकडे वळवा.
३. कारण. १५२ ला कार्ब हीट (कार्बोरेटरला गरम हवा) ऑन, प्रायमर आत आणि लॉक, फ्युएल वॉल्व्ह ऑन, मिक्श्चर रिच, इग्निशन बोथ. कार्बोरेटरमधला बर्फ फक्त थंडीत होतो असं समजू नका. दमट हवेत, कमी पॉवरवर, ३० अंश तापमानातही तो धरू शकतो. पावसाळ्यात कोकणावर उडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.
४. मेडे. चालू फ्रिक्वेन्सीवर, उत्तर नसेल तर आणीबाणीच्या १२१.५ वर. ट्रान्सपाँडर (रडारला ओळख देणारं यंत्र) ७७०० वर. कॉल साइन, काय झालं, कुठे, उंची, किती माणसं, काय करणार.
५. जमिनीपासून सुमारे हजार फुटांवर इंजिन सुरू करण्याचा नाद सोडा. मिक्श्चर कट-ऑफ, फ्युएल वॉल्व्ह ऑफ, इग्निशन ऑफ. पट्टे घट्ट. फ्लॅप लावून झाल्यावर मास्टर ऑफ, कारण फ्लॅप विजेवर चालतात. दारं उघडी करून अडकवून ठेवा, धक्क्याने चौकट वाकली की उघडत नाहीत.

इशारा : क्रम बदलून आधी रेडिओ उचलणारे खूप आहेत. बोलण्यात अर्धं मिनिट जातं, वेग ४५ वर येतो, शेत मागे राहतं.

टेकऑफनंतर लगेच बंद पडलं तर क्रम आणखी छोटा : नाक खाली, समोर डावी-उजवीकडे तीस अंशांत जे मिळेल तिथे. कमी उंचीवर धावपट्टीकडे मागे वळू नका. किती उंचीनंतर वळायचं हे टेकऑफआधी इन्स्ट्रक्टरबरोबर ठरवून मोठ्याने म्हणा.

टप्पा ७ : वरून शेत वाचणं

परदेशी पुस्तकांतल्या चित्रांत मोठमोठी हिरवी गवताळ मैदानं असतात. आपल्याकडे हिरवं दिसलं की सावध व्हायचं.

ऊस वरून गुळगुळीत गालिचा दिसतो, असतो आठ-दहा फूट. त्यात चाकं अडकून विमान उलटतं. द्राक्षबाग त्याहून वाईट. लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारांचा मांडव वरून फक्त सरळ रेषांसारखा दिसतो, आणि इंदापूर, सोलापूर, सांगली, नाशिककडे तो सगळीकडे आहे. डाळिंबाची बाग ठिपक्यांसारखी दिसते, तीही नको. शेततळ्याचं प्लास्टिक चमकतं, त्याभोवती उंच बांध असतो.

चांगलं काय? काढलेल्या हरभऱ्याचं किंवा गव्हाचं शेत, फिकट पिवळं. मुरमाड माळरान, दगड तेवढे बघा. मळणी झालेली ज्वारी चालते, धाटं उभी असतील तर नाही. नांगरलेलं शेत घ्यावं लागलं तर सरीच्या दिशेने उतरा, आडवं कधीच नाही. काळ्या जमिनीचं गणित ऋतूवर आहे : पावसाळ्यात चाक रुतून विमान नाकावर जातं, तेव्हा मुरूम शोधा. गोंदिया-भंडाऱ्याकडे धानाच्या बांध्या इतक्या लहान असतात की दोन बांध ओलांडायची तयारी ठेवूनच उतरावं लागतं.

तारा हवेतून दिसत नाहीत, खांब दिसतात, आणि खांबांच्या सावल्या त्याहून आधी दिसतात. विहीर दिसली की मोटारीसाठी तार आलेली आहे असं धरा. रस्त्याच्या कडेला तर असतेच, म्हणून रस्ता हा शेवटचा पर्याय. गळीत हंगामात त्यावर उसाच्या ट्रॉल्याही असतात.

वारा बघायला आपल्याकडे सोय चांगली आहे : कारखान्याची चिमणी, गुऱ्हाळाचा धूर, पाचट पेटवल्याचा धूर, कच्च्या रस्त्यावरची धूळ.

टप्पा ८ : शेवटचे हजार फूट

शेताच्या अलीकडच्या कडेवर नेम धरू नका, आत एक तृतीयांशावर धरा. पोचतोय याची खात्री झाली की मग फ्लॅप, आणि ते लावले की खात्रीचा नेम पुढून मागे आणता येतो. जास्त उंच राहिलात तर साइडस्लिप करा, म्हणजे विमान तिरकं धरून उंची घालवा. कमी पडत असेल तर नाक वर ओढून अंतर वाढत नाही, उलट घटतं, आणि वेग संपून विमान स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल जाते. शेत पोचत नाही हे दिसलं तर अलीकडचं शेत घ्या. पंख सरळ ठेवून बांधावर आदळलेलं विमान वाचण्याची शक्यता ठेवतं, दोनशे फुटांवर स्टॉल झालेलं ठेवत नाही.

वाऱ्याची दिशा किती महत्त्वाची ते आकड्यांत बघा. ४५ नॉटला टेकणारं विमान १० नॉटच्या समोरच्या वाऱ्यात जमिनीला ३५ नॉटने लागतं, मागच्या वाऱ्यात ५५ ने. धक्क्याची ऊर्जा जवळजवळ अडीच पट.

शेपूट थोडी खाली ठेवून, शक्य तेवढ्या कमी वेगाने टेका, आणि मग ब्रेक जोरात. समोर झाडं आलीच तर दोन झाडांच्या मधे घाला, पंख तुटू द्या.

तपासा, थांबल्यावर : मास्टर आणि इग्निशन खरंच ऑफ आहेत ना, वॉल्व्ह ऑफ आहे ना. बाहेर पडा, वारा जिकडून येतो त्या बाजूला लांब जा. पाच मिनिटांत आजूबाजूच्या वस्तीवरून माणसं येतील आणि फोटो काढायला पंखाखाली उभी राहतील. तेल गळत असतं, कुणाच्या तरी तोंडात विडी असते. लोकांना मागे ठेवायला त्यांच्यातल्याच एखाद्या वयस्क माणसाला पुढे करा, तुमच्यापेक्षा त्याचं ऐकतील. मग स्कूलला फोन, आणि विमान कुणालाही हलवू देऊ नका.